भिंतीपलीकडचे रडणे

गेल्या आषाढातली गोष्ट. संध्याकाळचा चहा माझ्यापुढे ठेवून सूनबाई नेहमीप्रमाणे आत गेली नाही. समोरच्या खुर्चीवर बसली. आमच्या घरात ही काहीतरी अडल्याची खूण आहे.

"बाबा, तुम्ही पस्तीस वर्षं इतिहास शिकवलात. मला एक सांगा. दुसऱ्याच्या घरात पोराचे हाल होताहेत असं वाटलं, तर सांगावं का? आणि सांगायचं तर कुणाला?"

प्रश्न होता माझ्या नातवाच्या वर्गातल्या एका मुलाचा. चौथीतले पोर. पलीकडच्या इमारतीत राहते, आमच्याकडे कॅरम खेळायला येते. दोन महिन्यांत तीनदा सूनबाईने त्याच्या दंडावर आणि पाठीवर वळ पाहिले होते. तीनही वेळा "पडलो" एवढेच उत्तर. त्याची आई तिच्या ओळखीची. शाळेच्या फाटकाशी दोघी रोज भेटतात, एकमेकींच्या डब्यातल्या भाजीची चौकशी करतात. अशा बाईविरुद्ध तोंड उघडायचे कसे? आणि खरेच ते पोर पडलेले असले तर? एका घराला उगाच बट्टा लागायचा.

मी काही बोललो नाही. पण मला पंधरा दिवसांपूर्वीचा एक प्रसंग आठवला. बाहेरून आलो होतो, ओली छत्री खुंटीला अडकवण्यासाठी हात वर केला, आणि दाराशी उभ्या असलेल्या त्याच पोराने दोन्ही हातांनी डोके झाकून घेतले होते. मला तेव्हा हसू आले होते. "अरे, तुला नाही मारत!" असे म्हणून मी आत गेलो होतो. आता ते हसू घशात अडकले.

वाचकहो, हा प्रश्न मला नवा नव्हता. माझे बालपण गिरगावातल्या एका चाळीत गेले. 1960 च्या सुमाराची गोष्ट. आमच्याच मजल्यावर एक गृहस्थ राहत. कचेरीत चांगल्या जागेवर होते, वर्षाला सत्यनारायण करीत, चाळीच्या गणेशोत्सवाचा हिशेब त्यांच्याकडे असे, आणि तो पैपर्यंत चोख असे. रात्री मात्र ते आपल्या मुलाला पट्ट्याने मारीत. चाळीच्या भिंती त्या केवढ्या! पहिला आवाज आला की कोणीतरी रेडिओ मोठा करी. मग दुसरा रेडिओ, मग तिसरा. माझी आई दुसऱ्या दिवशी त्या मुलाला हाक मारून गूळपोळी देई आणि डोळ्याला पदर लावी. वडील म्हणत, "दुसऱ्याच्या घरात आपण बोलू नये." एके दिवशी ते बिऱ्हाड चाळ सोडून गेले. तो मुलगा माझ्याच वयाचा होता. त्याचे पुढे काय झाले, हे मला आजतागायत ठाऊक नाही.

त्या संध्याकाळी मी सूनबाईला सल्ला दिला नाही. इतिहासाच्या मास्तराला जे येते तेवढेच केले. एक जुनी हकीकत सांगितली. तीच आपल्यापुढे ठेवतो.

हकीकत न्यूयॉर्क शहरातली आहे आणि 1873 च्या अखेरीस सुरू होते. अमेरिकेतील यादवी युद्ध संपून आठ वर्षे झाली होती. युरोपातून बोटी भरभरून माणसे येत होती आणि शहराच्या पश्चिम भागातील कोंदट इमारतींतून एकेका खोलीत एकेक कुटुंब दाटीवाटीने राहत होते. आपल्या गिरणगावातल्या चाळी ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना वेगळे वर्णन करून सांगायला नको. त्या वस्तीत एटा व्हीलर नावाची एक बाई गोरगरिबांच्या समाचाराला जात असे. चर्चच्या सेवाकार्यातली साधी बाई. हाती ना अधिकार, ना पैसा.

एका कष्टकरी बाईने तिच्या कानावर घातले की एका घरात एक लहान मुलगी दिवसभर कोंडलेली असते, तिला मारहाण होते, आणि ती कधी अंगणातही दिसत नाही. एटाने शोध काढला. त्या बिऱ्हाडाशेजारी मेरी स्मिट नावाची एक क्षयाची रोगी बाई राहत होती. अंथरुणावर पडल्या पडल्या तिला मधल्या पातळ भिंतीतून पोरीचा आक्रोश ऐकू येई. आजाराने ती उठू शकत नव्हती. पण कोणी विचारले तेव्हा तिने ऐकलेले सांगितले.

एटाने मग एक युक्ती केली. आजारी शेजारणीला थोडी मदत हवी आहे, या निमित्ताने तिने ते दार ठोठावले. दार उघडले मेरी कॉनॉली या बाईने. आत दिसले ते एटाला जन्मभर विसरता आले नाही. डिसेंबरची कडाक्याची थंडी, आणि अंगावर फाटके पातळ कपडे घातलेली, पायांत काही नसलेली एक चिमुरडी उभी राहून भांडी घासत होती. हातातला तवा तिला पेलत नव्हता. पाहणाऱ्याला ती पाच वर्षांची वाटावी; प्रत्यक्षात वय नऊ. टेबलावर कातडी वाद्या पिळून केलेला चाबूक पडला होता आणि पोरीच्या हातापायांवर त्याच्या खुणा होत्या. एटाने मुलीविषयी अवाक्षर काढले नाही. शेजारणीविषयी बोलली आणि बाहेर पडली.

त्या मुलीचे नाव मेरी एलन विल्सन. बाप यादवी युद्धात मेला. आईने पोटासाठी कामाला जाताना मुलीला दुसऱ्या बाईकडे पैसे देऊन ठेवले. पैसे थांबले तशी त्या बाईने मुलीला शहराच्या धर्मादाय खात्याच्या हवाली केले. खात्याने 1866 च्या जानेवारीत, पोर दोन वर्षांचेही नसताना, ते मॅकॉर्मॅक नावाच्या जोडप्याला करारावर देऊन टाकले. नवरा लवकरच वारला, बायकोने कॉनॉलीशी पुन्हा लग्न केले आणि मुलगी तिच्याबरोबर गेली. मुलीची खुशाली दरवर्षी खात्याला कळवावी, अशी अट करारात होती. ती पाळली जात नव्हती, आणि पाळली का जात नाही हे विचारायला खात्याचा कोणी आला नाही.

आता एटाचे पुढचे चार महिने पाहा. माझ्या मते या साऱ्या हकीकतीचे मर्म तिथे आहे. ती पोलिसांकडे गेली. ते म्हणाले, पुरावा आणा, मग हात घालू. ती अनाथ मुलांच्या संस्थांकडे गेली. ते म्हणाले, मुलगी कायदेशीर मार्गाने आमच्या दारी आणा, आम्ही सांभाळू. तिने प्रतिष्ठित, दयाळू म्हणून नावाजलेल्या गृहस्थांचा सल्ला घेतला. ते म्हणाले, बाई, पालक आणि मूल यांच्यामध्ये पडणे धोक्याचे असते. आपण त्यात न पडावे हे बरे. तिघांपैकी एकही दुष्ट नव्हता. तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी रीतसर होते. आणि त्या चार महिन्यांत एकही दिवस त्या पोरीचा मार चुकला नसेल!

तिसरे उत्तर वाचले की मला माझ्या वडिलांचा आवाज ऐकू येतो.

अखेर एटा हेन्री बर्ग यांच्याकडे गेली. हे एका श्रीमंत जहाजबांधणीवाल्याचे चिरंजीव. 1866 मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी संस्था काढली होती. उंच टोपी घालून भर रस्त्यात गाडीवाल्याला अडवायचे आणि मरतुकड्या घोड्याला जुवातून सोडवायचे, असा त्यांचा लौकिक. एटाला त्यांच्याकडे जायचे धाडस होत नव्हते. पण तिच्या भाचीने सुचवले की ते पोरही एक लहानसा मुका जीवच नाही का? बर्ग यांनी शांतपणे सारे ऐकून घेतले आणि एकच गोष्ट मागितली: तुम्ही काय पाहिले ते लिहून द्या. मग त्यांनी शिरगणतीच्या निमित्ताने एक माणूस त्या घरी पाठवून खातरजमा केली, आणि आपले वकीलमित्र एल्ब्रिज गेरी यांना कायद्याची वाट शोधायला सांगितले. चार महिने जे हलले नव्हते ते एटाचे निवेदन हाती पडताच दोन दिवसांत हलले.

9 एप्रिल 1874 रोजी मेरी एलनला न्यायमूर्ती लॉरेन्स यांच्यापुढे आणण्यात आले. अंगावर धड कपडे नव्हते म्हणून घोडागाडीतल्या घोंगडीत गुंडाळून आणले होते. कपाळावर, डोळ्याच्या कडेला कात्रीची ताजी जखम होती. तिने सांगितले की आपले वय आपल्याला माहीत नाही, मार रोजचाच आहे, निजायला खिडकीखाली सतरंजीचा तुकडा असतो, आणि कोणी आपला कधी पापा घेतल्याचे आठवत नाही. वर्तमानपत्रांचे बातमीदार तिथे होते. त्यांच्यातले जेकब रीस पुढे गरिबांच्या वस्त्यांवर लिहिणारे म्हणून प्रसिद्ध झाले. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांचे डोळे भरून आले. शेजाऱ्यांच्या साक्षी झाल्या. कॉनॉलीबाईला एक वर्षाची सक्तमजुरी झाली.

या हकीकतीला पुढे एक दंतकथा चिकटली आहे. मुलांसाठी कायदा नव्हता म्हणून मुलीला 'प्राणी' ठरवून सोडवावे लागले, असे आवडीने सांगितले जाते. मीही वर्गात अनेक वर्षे असेच सांगत होतो, हे कबूल करतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. बर्ग यांनी कोर्टात स्पष्ट सांगितले की आपण प्राण्यांच्या संस्थेचे अध्यक्ष म्हणून नव्हे, तर एक माणूस म्हणून आलो आहोत. गेरी यांनी वापरले ते, अन्यायाने डांबून ठेवलेल्या व्यक्तीला कोर्टापुढे आणवण्याचे जुने कायदेशीर हत्यार. मारहाण हा गुन्हा तेव्हाही होता. कायदा नव्हता असे नाही. त्या कायद्याने दार ठोठावायला जाणारे कोणी नव्हते.

ती उणीव गेरी यांना बोचली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी आणि बर्ग यांनी मुलांवरील क्रौर्याला आळा घालणारी संस्था स्थापन केली; जगातली अशी ही पहिली संस्था. लिव्हरपूलच्या टॉमस अॅग्न्यू यांनी अमेरिकेत तिचे काम पाहून 1883 मध्ये आपल्या गावी तशीच संस्था काढली, आणि 1889 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने मुलांच्या संरक्षणाचा कायदा केला.

पण नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाहीतर सूनबाईच्या शंकेला न्याय मिळायचा नाही. गेरी यांच्या संस्थेला न्यूयॉर्कचे गरीब लोक नुसते 'क्रुएल्टी' म्हणत, आणि तिच्या नावाने आयाबाया धसका घेत. कारण संस्थेच्या माणसांना दारिद्र्य आणि क्रौर्य यांतला फरक नेहमीच कळला असे नाही. घरात अंधार आहे, पोर मळके आहे, आई कामावर गेली आहे, एवढ्यावरून मुले उचलून नेल्याची उदाहरणे घडली. शेजाऱ्याने तोंड उघडल्याने जसे पोर वाचते, तसे एखादे घर मोडूही शकते. म्हणून "सांगावे का" या प्रश्नाला "काय सांगावे" हा दुसरा प्रश्न जोडलेला असतो.

आणि न बोलणे हा केवळ अडाण्यांचा किंवा भित्र्यांचा दोष आहे असेही नाही. मोडलेले हात आणि डोक्याला इजा झालेली तान्ही मुले दवाखान्यांत येत होती. आईबाप म्हणत, पाळण्यातून पडले, आणि डॉक्टर तसे लिहून घेत. 1962 मध्ये अमेरिकेतील डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प आणि त्यांचे सहकारी यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. 71 रुग्णालयांतून त्यांनी वर्षभरातील 302 मुलांची माहिती गोळा केली होती. त्यांतली 33 मुले दगावली होती आणि 85 मुलांच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. क्ष-किरणांच्या चित्रांत एकाच मुलाची जुनी-नवी, वेगवेगळ्या वेळी मोडलेली हाडे दिसत. पाळण्यातून एकदा पडलेल्या मुलाची हाडे चार वेगवेगळ्या महिन्यांत मोडत नाहीत. शिकलेसवरलेले डॉक्टरही तोपर्यंत रेडिओ मोठा करणारे शेजारीच होते म्हणायचे. त्या निबंधानंतर पाच वर्षांच्या आत अमेरिकेतील जवळजवळ सर्व राज्यांनी डॉक्टरांवर अशी शंका कळवण्याची सक्ती केली, आणि प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला कायद्याचे संरक्षणही दिले.

"हे झालं अमेरिकेचं," सूनबाई म्हणाली. "आपल्याकडे काय?"

आपल्याकडेही हे अगदी कालपरवाचे नाही. मुंबई इलाख्याने मुलांसाठी कायदा केला तो 1924 मध्ये. त्याआधी मद्रासने 1920 मध्ये आणि बंगालने 1922 मध्ये केला होता. मुंबईचा कायदा अमलात आणण्यासाठी 1927 मध्ये 'चिल्ड्रन्स एड सोसायटी' उभी राहिली. म्हणजे आमच्या चाळीत रेडिओ मोठे होत होते, तेव्हा मुंबईत कायदाही होता आणि संस्थाही होती. पण चाळीतल्या कोणाला त्याची वार्ता नव्हती. आणि असती तरी कोण उठले असते? 1996 मध्ये जेरू बिलिमोरिया यांनी मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या आश्रयाने, संकटातल्या मुलांसाठी एक टेलिफोन सुरू केला: 1098, लक्षात राहावा म्हणून दहा-नऊ-आठ. पुढे तो देशभर पसरला आणि आज सरकारी यंत्रणेमार्फत चालतो. 2012 च्या कायद्याने मुलांवरील लैंगिक अत्याचाराची शंका आली तरी ती कळवणे प्रत्येकावर बंधनकारक केले. तिथे गप्प बसणे हाच गुन्हा आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्याने मुलाचा ताबा असणाऱ्याने, मग ते जन्मदाते आईबाप का असेनात, त्याला क्रूरपणे वागवणे हा गुन्हा ठरवला. मुलाचे हित पाहायला बालकल्याण समिती असते. तिच्यात अध्यक्ष धरून पाच जण, आणि त्यांत एक तरी स्त्री असावीच लागते.

एटाला चार महिने जी दारे शोधावी लागली, ती आज शोधावी लागत नाहीत. ठोठावायला लागणारा हात मात्र अजूनही शेजाऱ्याचाच लागतो.

माझे बोलणे संपले तेव्हा दिवेलागण झाली होती. सूनबाई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे निवाडा मी करायचा नाही. पाहिलं तेवढं सांगायचं."

"आणि आधी लिहून काढायचं," मी म्हटले. "बर्गसाहेबांनी मागितलं होतं तसं."

नातवाच्या जुन्या वहीतले एक पान घेऊन ती बसली. लिहिता लिहिता खोडू लागली. मुलाची आई तापट आहे, नेहमी उशिरा न्यायला येते, त्याला चारचौघांत टाकून बोलते, असे बरेच काही आधी लिहिले होते. ते सारे गेले. "यातलं निम्मं मला ती आवडत नाही म्हणून लिहिलं होतं," ती खालमानेने म्हणाली. उरल्या सात ओळी: तीन तारखा, वळ कुठे होते, आणि पोर काय म्हणाले ते त्याच्याच शब्दांत. छत्रीचा प्रसंग मी घालायला सांगितला. तो आठवी ओळ झाला. ते पान वाचून पाहिल्यावर आम्हा दोघांनाही आणखी विचारायला काही उरले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने दहा-नऊ-आठला फोन केला.

पुढे काय झाले ते सारे मला माहीत नाही, आणि माहीत असण्याचे कारणही नाही. दोन बायका त्या घरी येऊन गेल्या, पुन्हा आल्या. मुलाची आजी गावाहून राहायला आली आहे. कोणी कळवले ते त्या घराला कोणी सांगितलेले नाही. पण अंदाज बांधायला कोण थांबतो? मुलाची आई शाळेच्या फाटकाशी आता सूनबाईशी बोलत नाही. सूनबाईला ते लागते, हे मला दिसते. गणपतीच्या आरतीला ते घर आमच्याकडे आले नाही. पोर मात्र कॅरम खेळायला येते. परवा मी पुन्हा एकदा मुद्दाम त्याच्या पाठीमागे उभा राहून त्याचा खेळ पाहिला. मान वळवून त्याने दोनदा माझ्याकडे बघून घेतले, मग खेळात रमले. एवढ्यावरून काही अनुमान काढू नये, हे इतिहासाच्या मास्तराला कळते.

मेरी एलनचे पुढे काय झाले ते मात्र सांगता येते. एटाने तिला रॉचेस्टरजवळच्या आपल्या माहेरी पाठवले. एटाच्या आईने, आणि आई गेल्यावर बहिणीने, तिला घरच्या मुलीसारखे वाढवले. चोविसाव्या वर्षी तिचे लग्न झाले. तिला दोन मुली झाल्या आणि आणखी एका मुलीला तिने दत्तक घेतले. थोरलीचे नाव तिने एटा ठेवले. तिच्या मुली शिकून शिक्षिका झाल्या. ती स्वतः 1956 मध्ये, ब्याण्णव वर्षांची होऊन वारली. म्हणजे आमच्या चाळीत रात्रीचे रेडिओ मोठे होत होते, त्याच्या चारच वर्षे आधी.

त्या चाळीतला मुलगा कुठे असेल कोण जाणे. असला तर माझ्याच वयाचा असेल. मी आजवर सर्वांना सांगत आलो की तो काळच वेगळा होता, तेव्हा कोणाला काही सुचलेच नाही. या लेखाच्या निमित्ताने हेही लिहून टाकतो: सुचले होते. आईला सुचले होते. म्हणून तर ती गूळपोळी देई.